आपा शिंपी आणि मापाची होडी

सर्व संबंधितांना उभे राहून, गळा साफ करून आणि अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, पेडणे तालुक्यात कयाक कोणती घ्यावी, कोणी घ्यावी आणि कोणी मुकाट घरी बसून पेज प्यावी, या विषयावर ज्यांचा शब्द शेवटचा मानला जाई, त्या केरीच्या आपा शिंप्यांनी उभ्या आयुष्यात स्वखुशीने घोट्याच्या वर पाणी चढू दिले नव्हते. ज्यांना हसायचे असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावे. पुढे घाबरायचे आहे.

कयाक म्हणजे दोन पात्यांच्या वल्ह्याने चालवायची चिंचोळी होडी. हल्ली हरमलपासून केरीपर्यंत त्या जिथे तिथे वाळूत पडलेल्या दिसतात, भडक रंगाच्या, प्लास्टिकच्या, एखाद्या राक्षसाच्या पोराने खेळून टाकल्यासारख्या. आपांचा आणि त्यांचा संबंध येण्याचे काही कारण नव्हते. त्यांचे दुकान पेडण्याच्या बाजारात होते. माझी पहिली फुल पँट त्यांनीच शिवली होती, आणि ती एवढी ऐसपैस शिवली होती की मी दहावीला जाईपर्यंत तिच्यात वाढतच राहिलो. पुढे तयार कपडे आले, दुकान बंद झाले आणि आपा शिलाईमशीन घेऊन केरीला आपल्या घरी गेले. तिथे त्यांच्या मुलाने तेरेखोल नदीच्या काठी, सुरूच्या झाडांखाली, पर्यटकांसाठी कयाकचा धंदा मांडला होता. वर्षभरात मुलगा बोटीवर नोकरीला लागला आणि होड्या वाळूत राहिल्या. आपांची बायको, म्हणजे आमच्या काकी, म्हणाल्या, विकून टाका. आपा म्हणाले, "पोराच्यो होडयो. पोर येयसर हंयच आसतल्यो." आणि त्या राखायला म्हणून ते जे प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसले, ते तिथलेच झाले. गळ्यातली मापाची टेप मात्र उतरली नाही.

मी तिथे गेलो तो माझ्या बायकोमुळे. सुलभा सावंतवाडीकडची. तिला कशाचीही भीती वाटत नाही, आणि त्यामुळे आमच्या घरात मला दोघांच्या वाटची भीती बाळगावी लागते. मी डिचोलीला नोकरी करतो, राहतो पेडण्यात. समुद्र हाकेच्या अंतरावर असला तरी आमच्या घराण्यात समुद्राकडे फक्त मासळी आणायला जातात. तिने एका रविवारी ठरवले की नदीतून फिरायचे. मी म्हटले, केरीला आपा आहेत, ओळखीचे आहेत, ते सांभाळून घेतील. मनात म्हटले, ते नको म्हणतील.

आपांनी मला चष्म्यावरून पाहिले आणि नेहमीच्या मऊ आवाजात विचारले, "खंय जातंस?"

"काही नाही आपा, जरा फिरून येतो."

"फिरान म्हणजे खंय? लग्नाक जातंस, शेतात जातंस, का मयताक जातंस? कापड त्येच्यार थारता."

मयताचे नाव निघताच मी घराच्या वाटेकडे वळलो. सुलभा मात्र रंगली. "आपा, आम्हाला सगळं दाखवा," म्हणाली. झाले. शिंप्याने ठाण उलगडावे तशा आपांनी होड्या उलगडल्या.

आखूड, रुंद, वर बसायची ती नारिंगी होडी म्हणजे लेंगा. "सैल, सुटसुटीत. पाय भायर, माणूस भायर. हिका भोकां आसत, आत इल्लां पाणी आपसूक खाली जाता. पडलंस तर परत चढ. लाटेत जावंचां आसल्यार हीच." लांब, अरुंद, पिवळी, जिच्यात कमरेपर्यंत आत शिरून बसायचे, ती म्हणजे सूट. "सरळ जाता, बेगीन जाता, नदीतल्यान वयर लांब जावंचां आसल्यार हिच्यासारकी दुसरी नाय. पण वळना. आणि उपडी झाली की पाय आत, डोक्यां खाली. सूट घालून कोण लाटेत जाता?" बुडाला गोल असलेली, ओढ्यांत चालवायची आखूड होडी म्हणजे घेराचा झगा, जागच्या जागी गिरकी घेते. "ही तुमच्या डिचोलीकडच्या व्हाळांक, पावसांत, फातरांमदी. हंय नदीत सरळ जावंक बघशीत तर दिसभर गिरक्योच मारशीत." हवा भरायची होती ती रेनकोट: घडी घातली, काखेत मारली, पण वारा आला की वाऱ्याच्या घरी जाणार. आणि शेवटी दोघांनी बसायची लांबट निळी होडी.

"हो एक लेंगो," आपा म्हणाले, "आणि दोघांनी घालचो. एकान एक पाय म्होरां टाकलो आणि दुसऱ्यान फाटीं, तर कितें जातलां तां तुमकां लग्न झाल्ल्यांक सांगूंक नको."

एवढे झाल्यावर माप. आपा कमरेचे माप घेत, मांडीपासून टाचेपर्यंतचे घेत, पोट आत ओढू देत नसत. "पाण्यात पोट कोण ओढून धरता?" लाइफ जॅकेट ते स्वतः चढवत, आणि ते वर सरकून गळ्याशी येऊ नये म्हणून त्यांनी प्रत्येकाला दोन पायांमधून जाणारा एक पट्टा मशीनवर शिवला होता. तो पट्टा ते इतका घट्ट आवळत की भल्याभल्यांचा आवाज बदलत असे.

पण खरा प्रश्न याच्यानंतर यायचा. तुम्हाला वल्हवता येते का, पोहता येते का, हे ते विचारत नसत. "सगळे खोटां सांगतत," म्हणत. खुर्ची पुढे ओढून, जवळ येऊन, डॉक्टरसारखे हळूच विचारत, "भियतंस कित्याक?"

म्हणजे कशाला घाबरतोस. कलंडायला? मग रुंद. लांब जाऊन परत न यायला? मग लांबट, सरळ जाणारी. कोंडले जायला? मग आत बसायची नकोच. "भीती सांग, होडी सांगतंय," हे त्यांचे ब्रीद. मी सांगितले, "आपा, मी तिन्हीला भितो." त्यांनी माझा हात हातात घेतला. तालुक्यात आपल्यासारखे कोणीतरी भेटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला.

कारण आपा स्वतः पाण्याला भीत. साधे नाही, मनापासून, पद्धतशीर भीत. फेरीबोटीने पलीकडे तेरेखोलला जायचे तर बोटीच्या बरोबर मधोमध, कोणाच्या तरी गाडीचा आरसा धरून, डोळे मिटून उभे राहत. मी एकदा विचारले, "एवढी कसली भीती हो?" ते म्हणाले, "मियां जलमभर माप घेवन काम केलां. ज्येका टेप लागना, त्येचो भरवसो कसो धरतलंय?" गिऱ्हाईक पाण्यात गेले की ते परत येईपर्यंत टेपचे पितळी टोक दातांत धरून उभे असत. त्यांच्या सगळ्या टेपांची सुरुवातीची दोन-तीन बोटे चावून चावून पांढरी झाली होती. तरी माप चुकत नसे. ते चौथ्या बोटापासून मोजत.

तेव्हा त्यांचा सगळा जोर कोरड्या जमिनीवर. कपड्याची ट्रायल असते तशी होडीची ट्रायल वाळूत. होडीत बसायचे, डावीकडे झुकायचे, उजवीकडे झुकायचे, मग आपा पायाने ढकलून होडी उपडी करणार आणि तुम्ही बाहेर येऊन दाखवायचे. एकदा पुण्याचा एक व्यायामशाळेत कमावलेला गडी आला. त्याला पिवळी लांबच हवी होती, आणि ती घेऊन समुद्राच्या लाटांत जायचे होते. आपा म्हणाले, ट्रायल. तो हसला. बसला. आपांनी ढकलली. होडी उपडी झाली आणि त्या गड्याच्या मांड्या आत अशा अडकल्या की कासव उलटे पडावे तसा तो वाळूत हात मारत राहिला. आपा त्याच्या कानाशी वाकून मऊ आवाजात म्हणाले, "आता असां समज, की खाली वाळू नाय, पाणी आसा." गड्याने हात मारणे थांबवले. त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. त्या दिवशी त्याने लेंगा नेला आणि जाताना आपांच्या पाया पडून गेला.

ट्रायल झाली की गाऱ्हाणे. आमच्या भागात कुठलेही काम देवाला सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. एकाने मोठ्या आवाजात देवाशी बोलायचे, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणायचे. आपांचा एरवीचा आवाज सुईत दोरा ओवताना बोलावे तसा. पण हातात नारळ घेतला की तोच माणूस असा गरजत असे की पलीकडे तेरेखोलच्या किल्ल्यावरचे कावळे उडत.

"बा देवा म्हाराजा! आज ही जी काय दोन लेकरां तुझ्या पाण्यार जातत..."

"व्हय म्हाराजा!" मी आणि सुलभा.

"त्येंची होडी उपडी करू नको..."

"व्हय म्हाराजा!"

"केलंस तर त्येंका होडयेपासून लांब व्हरू नको... व्हेलंस तर खोल व्हरू नको..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि व्हेलंस तर खंय व्हेलंस तां माका दिसान येवं दी, रे म्हाराजा!"

नेलेस तर कुठे नेलेस ते मला दिसू दे, या शेवटच्या मागणीला "व्हय" म्हणताना मी डोळे घट्ट मिटून घेत असे. सगळी गिऱ्हाइके हात जोडून उभी राहत, परदेशी माणसेसुद्धा. आपांच्या काठावरून देवाला चुकवून कोणी पाण्यात गेले नाही.

आपा आता नाहीत. यंदा शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, आधी गेले. घरी, खाटेवर, कोरडे ठणठणीत. मुलगा तेव्हा सुट्टीवर आलेला होता, त्याच्या हातचे पाणी तोंडात पडले. त्यांची आठवण निघाली की लोक टेपची, ट्रायलची, गाऱ्हाण्याची गोष्ट सांगतात. माझ्याकडे एक वेगळी आहे. ती सांगायला मला आवडते, आणि सांगताना अजून माझे तळहात ओले होतात.

त्या पहिल्या रविवारनंतर आम्ही पुष्कळदा गेलो. एका दिवाळीनंतरची गोष्ट. भरतीबरोबर वर जायचे, खारफुटीच्या सावलीत फिरायचे आणि सुकती, म्हणजे ओहोटी, जोर धरायच्या आत केरीची कड धरून परत यायचे, हे आपांनी घोकून घेतले होते. आम्ही तसेच केले. निळ्या जोडीच्या होडीत सुलभा पुढे, मी मागे. दुपार टळत होती. कड धरून येत असताना फेरीबोटीच्या धक्क्याशी आलो, आणि नेमकी त्याच वेळी फेरीबोट भोंगा देऊन निघाली. तिला वाट द्यायला आम्ही थोडे मधे झालो. थोडेच. एखाद्या अंगणाएवढे.

आणि होडी माझ्या हाताखालून चालू लागली.

हे शब्दशः घ्या. मी वल्हवत नव्हतो, सुलभा वल्हवत नव्हती, आणि होडी चालली होती. नदीने आमच्या हातातले काम काढून घेतले होते. उजवीकडे तेरेखोलचा किल्ला, जो इतकी वर्षे एका जागी उभा आहे, तो आमच्या शेजारून सावकाश मागे चालत निघाला. समोर नदीचे तोंड. तिथे बाहेर धावणारी सुकती आणि आत येणारा समुद्र एकमेकांच्या अंगावर जातात. पांढऱ्या लाटा एका जागी उभ्या राहून खाली पडत होत्या, आणि त्यांचा आवाज, कोणीतरी फार मोठी ओली चादर पुन्हा पुन्हा झटकावी तसा येत होता. वाऱ्यात मिठाचा वास आला.

"अहो, केरीकडे वळवा," सुलभा म्हणाली. तिचा आवाज मी ओळखला नाही. त्यात भीती होती. लग्नानंतर प्रथमच.

काठावर आपांनी आम्हाला पाहिले. ते धावत पाण्याच्या कडेला आले. त्यांना ओरडून सांगायचे होते की उजव्या बाजूने जोरात वल्हवा, म्हणजे होडी डावीकडे, केरीकडे वळेल. सल्ला अगदी बरोबर होता. पण देवाने त्या माणसाला मोठा आवाज एकाच चालीत दिला होता. आपांनी दोन्ही हात आभाळाकडे केले आणि नदीवरून गाऱ्हाणे गर्जत आले:

"उजव्या हातान मार, रे म्हाराजा!"

आणि मी, पेडण्यात जन्मलेला, पेडण्यात वाढलेला, देवळाच्या प्रत्येक जत्रेला उभा राहिलेला, दोन्ही हात जोडून, डोळे मिटून, मोठ्याने म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

डोळे उघडले तेव्हा वल्हे नव्हते.

ते माझ्या मांडीवरून घसरून पाण्यात गेले होते आणि आमच्यापेक्षा वेगाने समुद्राकडे निघाले होते. सुलभाने मागे वळून पाहिले.

"तुमचं वल्हं कुठाय?"

"गेलं."

"गेलं म्हणजे?"

"व्हय म्हाराजा म्हणताना..."

"अहो, हात कशाला जोडलेत?"

"तू नाही जोडलेस?"

"मी मांडीत वल्हं दाबून जोडले!"

एका वल्ह्याने ती जीव तोडून मारू लागली, आणि मी हातांनी पाणी ओढू लागलो, पण नदीला ते कळलेसुद्धा नाही. फेरीबोट पलीकडच्या धक्क्याला लागून गाड्या उतरवत होती. मच्छीमारांच्या होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या, माणसे जेवून आडवी झालेली. काठावर होते ते आपा, आणि चहाची किटली व उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन नुकत्याच आलेल्या काकी. पाण्यावरून आवाज स्पष्ट येतो. किटली पडल्याचा आवाज मला ऐकू आला.

आता मला जे दिसले ते तुम्हीही पाहा. आम्ही दोघे बुडायला निघालो आहोत, आणि काठावर आपा होडी निवडत आहेत.

ते पिवळ्या लांब होडीपाशी गेले. काकी ओरडल्या, "तीच घेवा! ती बेगीन जाता!" मीही मनात ओरडलो, तीच, तीच, आपा! त्यांनी तिच्यावर हात ठेवला. नदीच्या तोंडाकडे पाहिले. आमच्याकडे पाहिले. पुन्हा तोंडाकडे. आणि मान हलवली. मला रडू फुटले. त्या क्षणी मला खात्री पटली की हा माणूस आता काठावर उभा राहून दातात टेप धरणार, आणि आपण कुठे गेलो ते त्याला दिसत राहणार, बस्स. आपांनी गळ्यातली टेप काढली, काकींच्या गळ्यात घातली, नारिंगी लेंगा ओढत पाण्यापाशी आणला, त्यावर एक जादा वल्हे टाकले, आणि पाणी घोट्याला लागले तिथे थांबले.

किती वेळ थांबले ते मला सांगता येणार नाही. मला तो माझ्या आयुष्याएवढा वाटला. त्यांना बहुधा त्याहून मोठा.

मग ते होडीवर बसले आणि किंचाळले. नुसते एकदा नाही. तिथून जी सुरुवात झाली ती संपेचना. "आई गेऽऽ! माउली गेऽऽ!" असे अखंड किंचाळत, दोन्ही बाजूंनी वेडेवाकडे वल्हे मारत, जन्मात कधी पाण्यात न गेलेला तो साठी उलटलेला शिंपी आमच्या दिशेने येऊ लागला. सुकती त्यांनाही ओढत होती, म्हणून ते झपाट्याने जवळ आले. त्यांचे डोळे चष्म्यामागे बशीएवढे झाले होते. भीती कमी झाली म्हणून ते आले असे कोणी समजू नये. मी इतका घाबरलेला माणूस आजवर पाहिला नाही, आणि मी आरसा रोज पाहतो.

आमच्यापासून दोन होड्यांच्या अंतरावर पहिली उभी लाट त्यांना आडवी लागली, आणि आपा नव्हते. नारिंगी होडी तेवढी हलत होती. किंचाळी अर्ध्यात तुटली. ती शांतता मला अजून स्वप्नात ऐकू येते. सुलभाने वल्हवणे थांबवले आणि "आपाऽऽ" अशी जी हाक मारली, तशी तिने कधी मलाही मारलेली नाही.

पाण्यातून आधी एक हात आला. मग पांढरे केस. चष्मा गेला होता. आपांनी होडीला मिठी मारली, पाय झाडले, आणि मशीनवर जाड कापड सरकवावे तसे स्वतःला पोटावर वर सरकवले. होडी भरली नव्हती. आत आलेले पाणी तिच्या भोकांतून खाली निघून जात होते. बसल्यावर त्यांनी तोंडातले पाणी थुंकले आणि किंचाळी जिथे तुटली होती तिथून पुढे चालू केली. जादा वल्हे मात्र त्यांनी बुडतानाही सोडले नव्हते. ते त्यांनी माझ्याकडे लोटले.

"धर! आणि हात जोडशीत तर बघ, मेल्या!"

मी धरले. असे धरले की नंतर बोटे सोडवायला सुलभाला मदत करावी लागली.

"नदीवांगडा झुजू नको!" ते ओरडले. "भायर जावं दी! भायर गेल्यार डावीकडे वळ, लाटेर बस, लाट हाडून वाळयेर घालतली! आई गेऽऽ!"

तेव्हा, त्या तसल्या वेळी, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पिवळी होडी आमच्यापर्यंत लवकर आली असती. पण आमच्यापर्यंत येऊन काम संपणार नव्हते. नदी आम्हाला परत काठाला येऊ देणार नाही, समुद्रात जाऊन केरीच्या किनाऱ्यावर लाटांतूनच उतरावे लागणार, हे आपांनी काठावर उभे राहून पाहिले होते. जिथून निघायचे ते पाणी न पाहता, जिथे उतरायचे ते पाणी पाहून त्यांनी होडी घेतली होती. पिवळीत पाय अडकवून ते त्या लाटेत उपडे झाले असते, तर पुढचे हे काही लिहायला मी उरलो नसतो.

बाहेर गेलो. ते कसे गेलो ते मला विचारू नका, मी डोळे मिटले होते. सुलभा म्हणते की मी सगळा वेळ "आपा, आपा" करत होतो आणि आपा "माउली, माउली" करत होते, आणि दोघांत मिळून तिचे डोके उठले होते. डावीकडे वळा, मारा, मारा. मग पाठीमागून कशाने तरी प्रचंड उचलल्यासारखे झाले, होडीचे बूड आभाळाकडे गेले, आणि पुढचे मला आठवते ते तोंडातली वाळू. केरीच्या किनाऱ्याची, ओली, खारट वाळू. मी ती थोडी खाल्ली. मुद्दाम.

सुलभा गुडघ्यांवर बसून हसत होती आणि रडत होती. थोडे पुढे आपा उताणे पडले होते, नारिंगी होडी त्यांच्या पायांवर, आणि पूर्ण कोरड्या वाळूत पोचल्यावरही त्यांचे "आई गेऽऽ" चालूच होते. फक्त आवाज आता पुन्हा सुईत दोरा ओवण्याएवढा झाला होता. मी सरपटत जाऊन त्यांचे पाय धरले.

"पाय धरूं नको रे," ते म्हणाले, "पयलीं बघ, आसत मां दोनूय?"

"आहेत, आपा."

"आणि तुमी?"

"आम्हीपण दोघे आहोत."

"मगे बरां," ते म्हणाले, आणि डोळे मिटून थरथरू लागले. दात दातांवर आपटत होते. सुलभाने आपली ओढणी पिळून त्यांच्या छातीवर घातली. मला वाटले की यांना काही झाले तर मी जन्मभर या वाळूत तोंड दाखवू शकणार नाही.

इतक्यात सुरूच्या झाडांतून काकी धावत आल्या. एका पायात चप्पल, पदर वाळूत लोळतोय, तोंडाने देवाचे नाव. नदीकाठापासून समुद्रापर्यंत त्या माउलीने एकही श्वास घेतला नसावा. आम्हाला वाटले, आता त्या हंबरडा फोडणार, किंवा नवऱ्याला मिठी मारणार, किंवा निदान आमच्या थोबाडीत देणार, आणि आम्ही तिन्हींना तयार होतो. त्या आपांच्या डोक्याशी येऊन थांबल्या. खाली पाहिले. आपांच्या केसांतून पाणी निथळत होते, कानांतून निथळत होते, मिश्यांतून निथळत होते, समुद्राचे आख्खे पाणी त्या माणसाच्या अंगावरून वाहत होते. काकी कमरेवर हात ठेवून, धापा टाकत, किनाऱ्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"आणि इतकीं वर्सां हो माणूस, आपल्या हातान डोक्यार पाणी घेवंक भियतंय म्हणान, न्हाणयेत माझ्याकडसून तांब्ये ओतून घेता!"